माफी मागायची तर त्याच भोंग्यावरून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावच्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी भोंग्यावरून नाल्यापलीकडच्या मुसलमानांची टिंगल केली आणि मग दिलगिरी व्यक्त केली, त्यावरचा, महाराजांच्या मोठेपणाचा कालच्या अंकातला अग्रलेख वाचला. छान लिहिता तुम्ही. फक्त ज्या माफीवर एवढी शाई खर्ची घातलीत, ती माफी नेमकी कुठे आहे ते दाखवून द्यावं. ‘माझ्या बोलण्याने जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो.’ महाराज काय बोलले, कुणाबद्दल बोलले, ते खरं होतं की खोटं, यातलं या वाक्यात काहीही नाही. वर, समोरचा खरंच दुखावला का, याचीही शंका आहेच.

हे वाक्य कीर्तनकाराचं नव्हे, वकिलाचं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं २९५-अ, लागायचं तर धर्माचा अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केला हे दाखवावं लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र. म्हणून वकील पहिलं हेच सांगतो की ‘चुकलो’ म्हणू नका, कबुली होते. तिथून तो ‘जर’ येतो. पोलीस ठाण्यात शांतता समिती बसते आणि ‘प्रकरण मिटलं’ म्हणून चहा फिरतो, तेही अर्धंच खरं. २९९ आपसात मिटत नाही. मिटतं ते कलम ३०२, दुसऱ्याच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारल्याचं, एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचं. (३०२ म्हटलं की गावात अजून खूनच आठवतो, १ जुलै २०२४ पासून तो आकडा इकडे आला आहे.) आणि तेही ज्याच्या भावना दुखावल्या त्याने मिटवायचं असतं, सरपंच आणि ठाणेदारांनी नाही. उलट बाजूने, गुन्हा दाखल झाला म्हणून फटाके फोडणाऱ्यांनीही दमाने घ्यावं. २९९ मध्ये कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते.

आता हे वाक्य कीर्तनात येतं कुठून? सप्ताहात दर रात्री वेगळा कीर्तनकार. आठला उभं राहायचं, दहाला भोंगा बंद. पहिला तास अभंगाच्या चरणांवर जातो. नऊनंतर दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया पेंगायला लागतात, मागची पोरं मांडवाच्या कडेने एकेक करून सटकतात. तिथे दृष्टांत काढून माणसं जागी करावी लागतात. मुरलेला कीर्तनकार सासू-सुनेवर हसवतो, स्वतःच्या पोटावर हसवतो. कच्चा असला की शेजारच्या धर्मावर घसरतो, कारण तिथे हशा हमखास आणि तयारी काही नाही. वाक्यावर मृदंगवाला एक थाप टाकतो, टाळकरी मान डोलावतात, आणि एकदा हशा पिकला की पुढच्या गावी तेच वाक्य आणखी तिखट होऊन येतं. हसणाऱ्या बायांतल्या कितीतरी गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्यात नवस फेडून आलेल्या असतात, पण तेवढ्या गलक्यात कुणाला ते आठवत नाही.

मांडवाच्या चार कोपऱ्यांवर चार भोंगे. त्यातला एक नाल्यापलीकडे तोंड करून. पलीकडे मशीद आहे हे बांधणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं, कारण उर्सातले भोंगेही तोच बांधतो, तेच ॲम्प्लिफायर, तीच वायर. म्हणजे बोललेलं पहिल्यांदा पोचतं ते व्हॉट्सॲपवर नाही, पलीकडच्या अंगणात, खाटेवर बसून जेवणाऱ्या माणसाच्या ताटात. चाळीस सेकंदांचा तुकडा मोबाईलवर फिरतो तो दुसऱ्या दिवशी.

आणि माफी? महाराज त्याच रात्री पुढच्या तारखेला निघून गेलेले. माफी आली ती गाडीतून. छातीवर सीटबेल्ट, खिडकीबाहेर पळणारे पळस, कपाळावरचा बुक्का घामाने पसरलेला, आणि नजर मोबाईलच्या जरा वर. बहुतेक समोर कुणीतरी कागद धरला असावा. बावीस सेकंद. ती चालली पोलिसांच्या आणि पत्रकारांच्या ग्रुपवर. मांडवातल्या हजार माणसांपैकी किती जणांनी पाहिली? पलीकडच्या एका म्हाताऱ्याचं म्हणणं ठाण्याबाहेर सगळ्यांनी ऐकलं, तुमच्या वार्ताहरानेही: ‘बोलाचं भोंग्यावरून अन् माफी मोबाईलात? असं काहून जी?’ ते मात्र छापून आलं नाही.

माफीची रीत अवघड नाही. सप्ताह संपलेला नव्हता. दुसऱ्या रात्री कीर्तन उभं राहायच्या आधी, पहिला अभंग लागायच्या आत, पाच मिनिटं घ्यायची. हरिपाठाला नको, तेव्हा मांडव अर्धा रिकामा असतो. काल्याच्या दिवशी करायची तर पंगती बसण्याआधी, एकदा पत्रावळी पडल्या की ऐकतो कोण. अमक्या रात्री याच जागेवरून अमक्या समाजाबद्दल बोललो, ते खोटं होतं, मागे घेतो, एवढं पुरे. ते वाईट वाक्य पुन्हा उच्चारायचं नाही, पण विषय गुळमुळीतही सोडायचा नाही. ‘विपर्यास’ हा शब्द वर्ज्य. आणि मूळ व्हिडिओ चॅनेलवरून उतरवायचा. तो आजही तिथेच आहे, खाली बिदागीसाठीचा फोन नंबर आहे, आणि या भानगडीमुळे पाहणारे वाढलेच असतील. महाराजांना येणं जमत नसेल तर सप्ताह समितीच्या अध्यक्षाने तोच मजकूर त्यांच्या नावाने वाचावा. तारीख समितीने ठरवली, बिदागी समितीने दिली, मग बोलण्याची जबाबदारी तेवढी एकट्या महाराजांची कशी?

सगळ्याच बोलण्यासाठी माफी हवी असंही नाही. मूर्तिपूजा पटत नाही, अवतार पटत नाहीत, पैगंबर पटत नाहीत, हे कुणी कीर्तनात, तकरीरीत, विहारात किंवा प्रार्थनासभेत सांगितलं तर ते मत झालं. समोरच्याने उत्तर द्यावं, ठाण्यात धावू नये. मानणाऱ्यांच्या बायकापोरांवर, खाण्यावर टिंगल झाली की ते मत राहत नाही. हा नियम उर्सात बाहेरगावाहून येणाऱ्या वक्त्यालाही तेवढाच लागू. तिकडची माफीही असल्याच ‘जर’ची असते.

तुम्ही पोपचा दाखला दिलात म्हणून सांगतो. १२ सप्टेंबर २००६ रोजी जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या विद्यापीठात बेनेडिक्ट सोळावे यांनी मॅन्युएल दुसरा या जुन्या बायझंटाइन सम्राटाचं इस्लामबद्दलचं वाक्य उद्धृत केलं. १७ तारखेला ते म्हणाले की, भाषणातल्या काही भागावर जी प्रतिक्रिया उमटली तिचं मला अतीव दुःख आहे, आणि ते विचार माझे नव्हेत. प्रतिक्रियेचं दुःख, वाक्याचं नाही! तुम्ही ‘पोपनी निःसंदिग्ध माफी मागितली’ असं लिहिलंत, ते चूक आहे. एक मात्र मानावं लागेल. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ते इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत गेले आणि तिथल्या मुफ्तींच्या शेजारी शांत उभे राहिले. रोमहून इस्तंबूल फार लांब आहे. आमच्या मांडवापासून मशिदीपर्यंत मध्ये एक नाला आहे, आणि त्याला सध्या पाणीही नाही.

तुमच्याकडूनही एक हिशेब यायचा आहे. महाराजांचं वाक्य तुम्ही पहिल्या पानावर चार कॉलमांत छापलंत, खेड्यापाड्यांत येणाऱ्या डाक आवृत्तीतसुद्धा. दिलगिरीची बातमी रात्री उशिरा आली, तोवर डाक आवृत्ती छापायला गेलेली, म्हणून ती फक्त शहर आवृत्तीत सातव्या पानावर चार ओळींत. दुसऱ्या दिवशी डाक आवृत्तीत टाकता आली असती. टाकली नाहीत. ज्या गावांत आग लागली त्या गावांनी तुमच्या पेपरात दिलगिरी वाचलीच नाही, आणि एकदम अग्रलेखात महाराजांचा मोठेपणा वाचला.

हे पत्र छापणार असाल तर डाक आवृत्तीत छापावं.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. हिंगणघाट, जि. वर्धा

ता.क.: त्याच डाक आवृत्तीत कापसाचे भाव सलग तीन दिवस तेच छापून आले. भाव स्थिर होते की मजकूर, तेवढं कळवावं.