मंत्रिमहोदय, आमच्या मेस्त्रींचं नाव यादीतून कोणी गाळलं?

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

बंदरावरच्या कार्यक्रमात आपण माइकवरून जाहीर केलंत, की आमच्या मेस्त्रींचा शासनातर्फे सन्मान होईल. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या मेस्त्रींनी हात जोडले. परवा यादी लागली आणि त्यात त्यांचं नाव नाही. चौकशी केली तेव्हा एका कार्यालयातून उत्तर आलं, 'ते कोणत्याच प्रवर्गात बसत नाहीत.' कलावंत नाहीत, खेळाडू नाहीत, मच्छीमारही नाहीत. मग साहेब, लाकडी होड्या बांधण्यात आणि मोडलेल्या होड्या पुन्हा पाण्यात घालण्यात ज्याचा उभा जन्म गेला, तो माणूस आहे तरी कोण?

ते मीच सांगतो. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की मेस्त्री वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, उलटा धरून एकेक फळी ठोकत जातात आणि कान देऊन ऐकतात. निरोगी लाकूड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. वरून रंग शाबूत असला तरी ते खडूने रेघ मारतात, आणि फळी काढली की आतून भुगा पडतो. कुजलेल्यापेक्षा हातभर जास्त कापायचं, नव्या फळीला तिरपा सांधा द्यायचा, खिळे तांब्याचे घ्यायचे, कारण लोखंड गंजताना भोवतालचं लाकूडही खातं. होडीच्या वाकांसाठी, म्हणजे आतल्या वाकड्या फासळ्यांसाठी, ते सरळ फळी वाकवत नाहीत. मुळातच तशी वाढलेली फांदी हुडकतात, म्हणजे लाकडाची रेषा वळणाबरोबर जाते आणि लाटेच्या दणक्याला वाक फुटत नाही. 'पयला लाकूड बघ, मगे वाकस उचल,' हे मी त्यांच्याकडून इतकं ऐकलंय, की झोपेतही ऐकू येतं. शिकवण्याचा एक पैसा त्यांनी कुणाकडून घेतला नाही. ज्याच्याकडे हत्यारं नव्हती त्याला स्वतःची दिली.

आणि प्रवर्ग नाही म्हणता? 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या केंद्राच्या कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि त्यात होडी बांधणारा स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. दिल्लीच्या कागदावर जो माणूस आहे, तो तुमच्या कागदावर का नाही? तिथे नाव घालायला मी त्यांना एका केंद्रावर घेऊन गेलो. वाकस धरून धरून बोटं अशी झिजलीत, की यंत्राने ठसाच घेतला नाही. पुन्हा या, म्हणाले. काम केल्याचा पुरावा हातावर आहे आणि त्याच हातामुळे नोंद अडली.

माझंही सांगतो, कारण आता गप्प बसवत नाही. मी त्यांच्या हाताखाली तयार झालो आणि आज फ्लॅटमधली कपाटं करतो. प्लायवूडच्या भुश्याने छाती भरते, रात्री खोकला थांबत नाही. फायबरची होडी घेणाऱ्याला मी दोष देत नाही. ती हलकी, देखभाल कमी, त्यालाही घर चालवायचंय. पण उरलेल्या लाकडी होड्यांचं काय? चांगलं लाकूड परवडत नाही, शेड दुसऱ्याच्या जागेत, कर्जाला तारण नाही. मुलगा विचारतो, 'बाबा, हे शिकून काय करू?' त्याला काय सांगू, तुम्हीच सांगा. मेस्त्रींचा सन्मान झाला असता तर दाखवायला माझ्याकडे एक तरी गोष्ट असती.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा ठरवले, त्यातले 11 आपल्या राज्यात. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी. आनंद झाला, मीही पेढे वाटले. पण या जलदुर्गांच्या भिंती गलबतांच्या जोरावर उभ्या होत्या आणि गलबतं सुतारांनी बांधली. विजयदुर्गाजवळ आरमाराची गोदी आजही दिसते. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या हाताखाली 1817 मध्ये बांधलेलं ट्रिंकोमाली हे सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून तरंगतंय. लाकूड जपलं तर दोनशे वर्षं टिकतं. अजिंठ्याच्या चित्रातलं जहाज पाहून नौदलाने काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' करून घेतलं, 21 मे 2025 ला कारवारला ते दाखल झालं. ते बांधणाऱ्या केरळच्या बाबू शंकरन यांचं नाव देशाने घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं. चित्र मात्र आपल्या राज्यातलं. आपल्या किनाऱ्यावरच्या मेस्त्रींचं नाव घ्यायला आपल्याला प्रवर्ग आडवा येतो! डेन्मार्क, नॉर्वेसह पाच देशांनी फळीवर फळी चढवून होडी बांधण्याची स्वतःची रीत 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नेली. आम्ही अजून 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' एवढंच ऐकतोय.

हे एका यादीपुरतं नाही. ज्याचं काम हाताने होतं त्याला आपल्याकडे अर्ज भरता आला पाहिजे, अर्ज भरता आला तर ओळख पाहिजे, ओळख असली तरी कुणी सही करायला पाहिजे. तोवर माणूस थकतो.

मेस्त्री स्वतः काही मागत नाहीत. मी मागतो. यादी दुरुस्त करा. त्यांच्याकडे दोन पोरं विद्यावेतनावर शिकायला पाठवा, ते बसून शिकवू शकतात तोवरच. एक होडी पायापासून पाण्यात जाईपर्यंत त्यांच्या आवाजात चित्रित करून ठेवा. वनखात्याच्या लिलावात वाकडं म्हणून बाजूला पडलेलं लाकूड आम्हाला रास्त दराने मिळू द्या. सन्मानाची तारीख मला लेखी कळवा, आणि कार्यक्रम सभागृहात ठेवू नका. त्यांना आता जिने चढवत नाहीत.

आपला,
मेस्त्रींच्या हाताखाली शिकलेला एक सुतार