ब्रह्मपुत्रेचं वळण नकाशात दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रह्मपुत्रेवरच्या चीनच्या धरणाची बातमी तुमच्या पेपरात वाचली. ६०,००० मेगावॉट, जुलै २०२५ मध्ये काम सुरू, भारताला धोका वगैरे सगळं होतं, पण सोबतच्या नकाशात नदी तिबेटातून आसामात सरळ रेघ मारून आणलीय, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, आणि अहो, धरण तिथेच का हे त्या वळणाशिवाय कळणारच नाही!

तिबेटात तिला यारलुंग त्सांगपो म्हणतात. पठारावरून हजारभर किलोमीटरच्या वर ती नुसती पूर्वेकडे जाते, मग आडवा येतो नामचा बरवा डोंगर, ७,७८२ मीटरचा, समोर ग्याला पेरी हे दुसरं शिखर, आणि या दोघांच्या मधून घुसून ती डोंगराला वळसा घालते आणि एकदम दक्षिणेला फिरते. या वळणात साधारण ५० किलोमीटरमध्ये ती २,००० मीटर खाली उतरते, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या उंचीपेक्षाही जास्त! म्हणूनच डोंगरातून बोगदे काढून वळणाच्या वरचं पाणी थेट खाली सोडायचा प्लॅन आहे. पुढे अरुणाचलमध्ये ती सियांग होते, पासीघाटला सपाटीवर येते, दिबांग आणि लोहित मिळाल्यावर ब्रह्मपुत्रा.

त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा एकच हे पक्कं करायला केवढा आटापिटा झालाय माहितीये का? १८८० मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने, म्हणजे इंग्रजांच्या नकाशे बनवणाऱ्या खात्याने, किंथुप नावाच्या सिक्कीमच्या माणसाला एका लामासोबत पाठवलं, लिहिता-वाचता न येणारा माणूस, त्या लामाने त्याला वाटेत चक्क गुलाम म्हणून विकून टाकलं. तो निसटला, एका मठात राहिला, आणि ठरलेलं काम सोडलं नाही. खुणा केलेले ५०० ओंडके तयार करून रोज ५० असे नदीत सोडले, खाली आसामात कुणी ते ओळखावेत म्हणून. पण ओंडके कधी सोडणार हे कळवणारी चिठ्ठी वेळेत पोचलीच नाही, ओंडके कुणी न बघता वाहून गेले. चार वर्षांनी परत आला तर त्याच्या सांगण्यावर विश्वासही नाही ठेवला. १९१३ मध्ये बेली आणि मॉर्सहेड हे दोन ब्रिटिश अधिकारी त्या दरीत जाऊन आले तेव्हा कुठे त्याचं सांगणं बरंचसं खरं ठरलं. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी भरून यायचा.

अजून एक, धोक्याबद्दल लिहिताना जून २००० पण लिहा. तिकडे तिबेटात, त्या वळणाजवळच्या यिगाँगला दरड कोसळून पाणी अडलं, दोन महिन्यांनी तो बांध फुटला आणि सियांगच्या काठची गावं झोडपली गेली. तिथे धरण नव्हतं तरी हे झालं, आणि १५ ऑगस्ट १९५० चा ८.६ चा भूकंपही याच पट्ट्यातला.

तर पुढच्या बातमीत नकाशा जरा मोठा आणि वळणासकट छापा, बाजूला किंथुपची चौकट टाका. कात्रण काढून मी स्वतः शाळेत नेऊन लावेन.

आपली एक वाचक,
नाशिक