ॲस्पेनला निघण्याआधी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

ह्यूस्टन समुद्रसपाटीला आणि कोलोरॅडोच्या डोंगरांतलं ॲस्पेन 7,900 फुटांवर, हे आधी ध्यानात घे. पहिली रात्र डेन्व्हरलाच काढा. वर पोचल्यावर एखादा दिवस डोकं जड होणं, झोपमोड, मुलांचं जेवणाला नाही म्हणणं हे चालायचंच. घोट घोट पाणी पीत राहा, दोन दिवस बिअर नको, चढणही नको. मात्र डोकेदुखीबरोबर उलट्या थांबेनात किंवा चालताना तोल जायला लागला, तर सकाळची वाट बघत बसू नका. गाडी काढायची आणि चाळीस मैलांवर, दोन हजार फूट खाली ग्लेनवुड स्प्रिंग्जला उतरायचं.

जातानाही ग्लेनवुडवरूनच जा. इंडिपेंडन्स पासचा रस्ता जवळचा आणि देखणा आहे, पण खिंड 12,095 फुटांवर आहे. हवा अंगवळणी न पडलेल्या मुलांना तिथून नेण्यात काय हशील? वरच्या टप्प्यात रस्ता अरुंद आहे आणि बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही. परतताना त्या वाटेने या.

दिवस असा लावा, की डोंगर सकाळी आणि गाणं दुपारनंतर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बाराएकच्या सुमारास ढग जमतात, विजा होतात, कधी गाराही पडतात. मरून बेल्स या जोडशिखरांकडे जायला सकाळची लवकरची बस धरा. आठ ते पाच खासगी गाड्या सोडत नाहीत. बस ॲस्पेन हायलँड्सहून सुटते आणि तिचं आरक्षण आधीच करावं लागतं. वारा सुटायच्या आत तळ्याकाठी पोचलात तर दोन्ही शिखरं पाण्यात उलटी दिसतील. वारा सुटला की नुसतं पाणी.

आता संगीत. जर्मन कवी गटेच्या जन्माच्या द्विशताब्दीला, 1949 साली, तिथे मैफली सुरू झाल्या, आणि त्यातूनच दर उन्हाळ्यातला आठ आठवड्यांचा महोत्सव आणि संगीतशाळा उभी राहिली. मोठा तंबू दोन हजारांवर माणसांचा आहे, पण लहान मुलं बरोबर असताना तिकिटं काढायच्या फंदात पडू नकोस. तंबूच्या बाजू उघड्या असतात आणि बाहेरच्या हिरवळीवर बसून फुकट ऐकता येतं. वादक दिसत नाहीत एवढंच. रविवारी चारला मोठा वाद्यवृंद असतो. गाडी लावायला जागा मिळणं कठीण, म्हणून गावातल्या फुकट बसने जा. गवत सरीनंतर ओलं असतं, तेव्हा सतरंजीखाली प्लास्टिक हवं. प्रत्येकाला स्वेटर घ्या; रात्री पारा दहाच्या खाली जातो. खायला थालीपीठ न्या, चिवडा नको. हळू सुरावटीत त्याची कुरकुर चार सतरंज्यांपलीकडे ऐकू जाते. रचनेच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि आपल्यासारखी मधेच ‘वाहवा’ची सोय तर मुळीच नाही. गडगडाट जवळ आला तर हिरवळ सोडा, झाडाखाली मात्र उभे राहू नका.

मैफलीआधी अर्धा तास हाताशी ठेवा. जवळच ॲस्पेन मेडोजच्या आवारात कलाकार हर्बर्ट बायरने 1955 मध्ये केलेलं ‘ग्रास माउंड’ आहे, म्हणजे मातीगवताचं चाळीस फूट व्यासाचं गोल कडं. शिल्प बघायचं म्हणून मुलांना तिथे उभं करू नकोस, आधी त्यांचं त्यांना बघू दे आणि मग तू बोल. गावातल्या आर्ट म्युझियमलाही तिकीट नाही. वास्तुकार शिगेरू बान यांची कल्पना अशी, की आधी गच्चीवर जायचं आणि मग स्कीवाल्यासारखं मजल्या-मजल्याने खाली यायचं. तसंच करा. सोमवारी बंद असतं.

चिऊचं व्हायोलिन नेणार असाल तर नीट वाच. ह्यूस्टनच्या दमट हवेतलं लाकूड तिथल्या कोरड्या हवेत आकसतं. खुंट्या भोकात सैल होतात आणि पेटी उघडावी तर तारा लोंबत असतात. घाबरून खुंटी नुसती पिळत बसू नका, फिरवता फिरवता आत दाबायची. एका वेळी एकच तार चढवायची. चारही एकदम सैल राहिल्या तर ब्रिज, म्हणजे तारांखालची लाकडी घोडी, आडवा होतो आणि व्हायोलिनच्या पोटातली टेकूची काडी पडते. ती घरी बसवता येत नाही. ब्रिज पुढे झुकला नाही ना, हे दर वेळी बाजूने डोळा लावून बघा. पेटीत ओलाव्याची नळी ठेवा, पण घट्ट पिळून. पाणी लाकडावर ठिबकलं तर कोरडेपणा परवडला म्हणायची वेळ येईल. आणि पेटी उन्हातल्या गाडीत पाच मिनिटंही नको, डिंक सुटतो.

सूनबाईला सांग, कुकर घ्या. तिथे पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यातली तूरडाळ तासभर उकळूनही दाताखाली येते. कुकरमध्येही नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त लागतील. राजमा रात्रभर भिजवल्याशिवाय लावूच नका.

तुझी
आई

ता. क. लोणच्याची बाटली काठोकाठ भरू नका. वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि झाकणातून तेल बाहेर येतं. बाटली दोन पिशव्यांत उभी ठेवा, व्हायोलिनपासून लांब.