आधी अक्ष मोजा, मग भोके पाडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर टेनपिन बोलिंगविषयी आलेल्या मजकुरात नवा बॉल घेणाऱ्यांना सल्ला होता की पिन अनामिकेच्या वर ठेवून बोटांची भोके पाडून घ्यावीत, म्हणजे बॉल शेवटी जोरात वळतो. मॉलमधल्या लेनवरही हेच ऐकू येते. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. पण बॉलला एकदा भोके पडली की उरलेल्या अर्ध्याचा भुर्दंड बॉलच्या मालकालाच पडतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इथे 'पिन' म्हणजे लेनच्या टोकाला उभ्या असलेल्या दहांपैकी एक नव्हे. बॉलवर वेगळ्या रंगाचा छोटा गोल ठिपका असतो, तो पिन. आतल्या गाभ्याचे, म्हणजे कोअरचे, वरचे टोक कुठे आहे ते त्यावरून कळते. असिमेट्रिक, म्हणजे असमान आकाराच्या, गाभ्याच्या बॉलवर आणखी एक खूण असते, तिला मास बायस म्हणतात. या दोन खुणा कारखान्यातून येतात. तिसरी खूण खेळाडूच्या हातातून येते आणि नेमकी तीच कुणी मोजत नाही. बॉल सुटतो त्या क्षणी ज्या अक्षाभोवती फिरत असतो, त्या अक्षाचे बाहेरच्या बाजूचे टोक म्हणजे ही तिसरी खूण. ड्रिलर, म्हणजे बॉलला भोके पाडून देणारे, तिला पीएपी (पॉझिटिव्ह अ‍ॅक्सिस पॉइंट) म्हणतात.

पिन बोटांच्या वर आहे की खाली, एवढ्यावरच बॉलचे वागणे ठरत नाही. पिन पीएपीपासून किती दूर आहे, हे आधी पाहावे लागते. पकडीच्या मध्यबिंदूपासून, म्हणजे बोटांची भोके आणि अंगठ्याचे भोक यांच्या मधोमध असलेल्या बिंदूपासून, पिन ३ इंच वर आणि अर्धा इंच बाहेर आहे असे धरू. एका खेळाडूचा पीएपी मध्यबिंदूपासून ४ इंच बाहेर आणि अर्धा इंच वर आहे, दुसऱ्याचा पावणेसहा इंच बाहेर आणि अर्धा इंच वर. गोलाच्या पृष्ठभागावरून मोजले तर पहिल्याचा पिन पीएपीपासून सुमारे ४ इंचांवर पडतो, दुसऱ्याचा सव्वापाच इंचांवर. दोघांनीही पिन 'अनामिकेच्या वर' घेतला, पण बॉल झाले दोन वेगवेगळे.

बॉलचा परीघ सुमारे २७ इंच असतो, त्याचा पाव भाग पावणेसात इंच. पिन नेमका पीएपीवर असला किंवा पावणेसात इंच दूर असला, तर गाभा स्थिर फिरतो आणि लेनवरच्या तेलाचे कडे बॉलवर पुन्हा पुन्हा एकाच जागी उमटते. मधोमध, म्हणजे ३ ३/८ इंचांवर, गाभा सर्वांत जास्त डोलतो. तेलाची कडी पंख्यासारखी पसरतात, त्याला फ्लेअर म्हणतात. प्रत्येक फेरीत लेनला नवा कोरडा पृष्ठभाग लागतो आणि पकड वाढते. म्हणून ४ आणि सव्वापाच इंचांतला फरक किरकोळ नाही.

पीएपी मोजायला नवा बॉल लागत नाही. हातात बसणारा जुना बॉल घ्या. कमी फ्लेअरचा प्लास्टिकचा असला तर काम आणखी सोपे. तेल लावलेल्या लेनवर नेहमीसारखा टाका, परत आला की बोटांच्या आणि अंगठ्याच्या भोकांच्या सर्वांत जवळचे कडे मेणाच्या पेन्सिलीने पूर्ण गोल आखा. कडे पहिलेच हवे, नंतरची कडी फ्लेअरने सरकलेली असतात. मग बाहेरच्या बाजूला असा बिंदू शोधा, जो त्या कड्याच्या प्रत्येक जागेपासून सारख्याच अंतरावर आहे. ड्रिलरकडे यासाठी खास वाकडी पट्टी असते. नसेल तर न ताणणारी कागदी पट्टी कड्यावरच्या तीन-चार ठिकाणांहून लावून पाहा. बिंदू सापडला की पकडीच्या मध्यबिंदूपासून आधी आडवे अंतर मोजा, मग उभे, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. पडताळणीसाठी त्या बिंदूवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवा, बॉल टाका आणि मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करा. सुटल्यावर पहिल्या काही फुटांत टेप जागच्या जागी फिरली तर मोजमाप बरोबर. तिथेच गोल गोल डोलू लागली तर बिंदू चुकला. पुढे जाऊन डोलली तर काळजी नको, तो फ्लेअर.

आता आखणी. बॉल-डिझायनर मो पिनेल यांची दुहेरी कोनाची पद्धत बहुतेक ड्रिलरना ठाऊक असते, तिच्यात तीन आकडे लिहितात. समजा ५० × ४½ × ४०. पहिला ड्रिलिंग अँगल, दुसरा पिन ते पीएपी अंतर, तिसरा पीएपीतून जाणाऱ्या उभ्या रेषेशी होणारा कोन. पिनपासून मास बायसकडे रेषा काढायची, पिनवर कोनमापक ठेवून तिच्याशी ५० अंशांची दुसरी रेषा काढायची, तिच्यावर साडेचार इंचांवर पीएपीची खूण करायची. पीएपीवर ४० अंश मोजून उभी रेषा आखायची. पीएपी अर्धा इंच वर असेल तर त्या रेषेवरून अर्धा इंच खाली यायचे, तिथून काटकोनात पकडीच्या बाजूला आपले आडवे अंतर, समजा सव्वापाच इंच, मोजायचे. तिथे येतो पकडीचा मध्यबिंदू. बोटांची आणि अंगठ्याची भोके त्यानंतर. पीएपी ठाऊक नसेल तर दुसऱ्याच पायरीवर गाडी अडते आणि ड्रिलर अंदाजाने सरासरी आकडा धरतो.

तिसरा कोन लहान ठेवला की पिन बोटांच्या वर जातो आणि बॉल उशिरा, टोकदार वळतो. मोठा ठेवला की पिन खाली येतो आणि वळण सावकाश, गोलाईने होते. वेग जास्त आणि फिरकी कमी असेल तर पहिला आणि तिसरा, दोन्ही कोन लहान घ्यावेत, उदाहरणार्थ ४० × ४½ × ३०. फिरकी भरपूर आणि वेग बेताचा असेल तर ७० × ४½ × ६० सारखे मोठे कोन बॉलला आवरतात. सिमेट्रिक बॉलला मास बायसची खूण नसते, तिथे पहिल्या आकड्यावर डोके शिणवू नये. स्पेअरसाठीच्या, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या फेकीत पाडण्यासाठीच्या, प्लास्टिक बॉलला तर लेआउटचा, म्हणजे आखणीचा, विचारच नको.

पूर्वी आखणी फसली तर अंगठ्याच्या बाहेरच्या बाजूला एक जादा भोक पाडून सावरता येई. यूएसबीसी, म्हणजे अमेरिकेतील बोलिंगची नियामक संस्था, हिच्या नियमांनुसार १ ऑगस्ट २०२०पासून ते भोक बंद झाले आहे. ज्या भोकात प्रत्येक वेळी बॉल टाकताना बोट किंवा अंगठा जात नाही, ते भोक चालत नाही. दोन हातांनी टाकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे, कारण 'अंगठ्याचे भोक पाडून ठेवू, नंतर बघू' असे म्हटले की तो बॉल नियमाबाहेर जातो. वरची-खालची, डावी-उजवी आणि बोटांची-अंगठ्याची बाजू यांच्या वजनातला फरकही १० पौंडांवरच्या बॉलला ३ औंसांपर्यंतच चालतो. भोक बुजवून नवे पाडता येते, पण बुजवलेला मसाला वाळायला वेळ लागतो आणि बॉल पहिल्यासारखा राहीलच असे नाही.

लेनवर घरंगळताना बॉल 'टक टक' वाजत असेल तर तेलाची कडी भोकावरून जात आहेत. पकड तुटते, भोकाची कड झिजते. आखणी करतानाच पहिल्या कड्यापासून भोकांपर्यंत मोकळी जागा राहते का, ते ड्रिलरला विचारावे.

एवढे सगळे सांगून हेही सांगायला हवे की लेआउटपेक्षा बॉलचा पृष्ठभाग मोठा फरक पाडतो. ५०० ग्रिटने (ग्रिट म्हणजे घासण्याच्या कागदाचा खरखरीतपणा; आकडा मोठा तितका कागद बारीक) घासलेला आणि ४००० ग्रिटवर आणून पॉलिश केलेला एकच बॉल दोन वेगळ्या बॉलांसारखा वागतो, आणि घासणे उलटवता येते. मॉलमध्ये तेल कधी लावतात, कधी नाही. कोरड्या लेनवर जोरकस लेआउटचा बॉल अर्ध्या वाटेतच वळून दमतो. तिथे आधी ग्रिट बदलून पाहावे.

आणि स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या भोकापासून बोटांच्या भोकापर्यंतचे अंतर, चुकला तर सगळी भूमिती वाया जाते. तो लांब झाला की अंगठा भोकात अडकतो, आखूड झाला की बॉल चिमटीत धरावा लागतो. दमट हवेतून एसीत आल्यावर अंगठा बारीक होतो, म्हणून अंगठ्याच्या भोकात टेप लावायला जागा सोडून घ्यावी.

ड्रिलरकडे जाताना एका कागदावर पीएपीचे दोन आकडे, दोन्ही बोटांचे स्पॅन, अंगठ्याचा पिच (भोकाचा कल), वेग आणि फिरकीचा अंदाज न्यावा, आणि त्याचा फोटो स्वतःजवळ ठेवावा. पुढच्या बॉललाही तोच कागद चालतो, फक्त मधल्या काळात अंगठ्याचा पिच किंवा टाकण्याची पद्धत बदलली असेल तर पीएपी पुन्हा मोजून घ्यावा.

आपला,
एक वाचक, पुणे