तुझ्या डाव्या पायाबद्दल

सारागोसा, स्पेन,
१८ फेब्रुवारी

प्रिय दिलीप,

दिवाळीत तुझा फोन आला, त्याचं उत्तर अजून दिलं नाही. फौजेत जायचं म्हणणाऱ्या तुझ्या नातवाशी बोल, एवढंच तू आयुष्यात एकदा मागितलंस, आणि मी "बोलतो पोराशी" म्हणून इकडे लेकीकडे निघून आलो. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे. माझा नातू अडीच महिन्यांचा झाला.

परवा जावयानं गाडी काढली आणि मला आल्कुबिएर्रेच्या डोंगरावर नेलं. १९३६ ते १९३८ तिथं आघाडी होती. स्पेनच्या यादवी युद्धातले काही खंदक लोकांनी पुन्हा नीट करून ठेवलेत, रेतीची पोती, लाकडाचे टेकू, सगळं. तुम्ही फौजी ज्याला मोर्चा म्हणता, तेच. मी आत उतरलो. इकडे सिएर्सो नावाचा वारा आहे, वायव्येकडून येतो आणि दिवस दिवस थांबत नाही. अंगात दोन स्वेटर, वर जावयाचा कोट, तरी दहा मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत. तेव्हा मला तुझा डावा पाय आठवला.

बंड्याच्या लग्नात काय झालं ते तू विसरला नसशील. तू पोस्टवरच्या थंडीचं सांगत होतास, पायातला बूट निघत नव्हता ती रात्र. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "पगार घेतोस ना बे त्याचा!" सगळे हसले. तू ताट पुरं केलंस, हात धुतलेस, वहिनींना हाक मारलीस आणि गेलास. नंतर आपण भेटलो, बोललो, पण थंडीचा विषय तू माझ्यासमोर पुन्हा काढला नाहीस. दिलीप, मला माफ कर. हे तोंडावर म्हणायला हवं होतं, आणि फार आधी.

इथून दक्षिणेला तेरुएल म्हणून गाव आहे. १५ डिसेंबर १९३७ ला, फ्रँको या बंडखोर सेनापतीविरुद्ध लढणाऱ्या सरकारी फौजेनं तिथं हल्ला चढवला आणि २२ फेब्रुवारी १९३८ पर्यंत लढाई चालली. पारा शून्याखाली १८ अंशांवर गेला होता. पोरं बर्फात, पायात काय, तर कित्येकांच्या दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे! आपल्याकडे उन्हाळ्यात घालावेत तसे. हिमदंशानं दोन्हीकडची हजारो माणसं निकामी झाली. डॉक्टर बोटं कापत होते, पावलं कापत होते. इकडचाही डॉक्टर तेच करत होता आणि तिकडचाही, एकाच भाषेत "थोडं सोस" म्हणत असणार. गोळी लागलेल्याची गोष्ट गावात सांगतात. बोटं झडलेला माणूस घरी येतो, मोजे घालतो आणि कोणाला काही बोलत नाही. तू मोजे घालूनच झोपतोस, हे मला वहिनींनी सांगितलं होतं.

आणि उवा! शिवणीशिवणीत उवा. कपडे धुवायला पाणी नाही, पाणी खेचरावर लादून वर आणायचं. समोरचा शत्रू कधीतरी दिसायचा, उवा चोवीस तास सोबत.

एक गोष्ट मात्र तुला आवडेल. फ्रँकोच्या बाजूला तंबाखू भरपूर, कारण कॅनरी बेटं त्यांच्याकडे. सिगारेटचा कागद बनवणारे कारखाने सरकारच्या मुलखात. मग शांत आघाड्यांवर पोरं आवाज देऊन मधल्या रानात भेटायची, तंबाखू देऊन कागद घ्यायची आणि परत आपापल्या खड्ड्यात. एकाकडे तंबाखू आणि दुसऱ्याकडे चुना असता तर तू पलीकडेच राहिला असतास! जावयाला हे तुझं नाव घेऊन सांगितलं, तो पोट धरून हसला. पण मला नंतर झोप आली नाही. जुलै १९३६ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा जो ज्या गावात होता, बहुतेकांच्या बाबतीत तीच त्याची बाजू ठरली. एका आईचे दोन लेक दोन खंदकांत. सकाळी कागद दिला त्याच्यावरच संध्याकाळी नेम धरायचा.

आपलं मॉरिस कॉलेजच्या फाटकावरचं भांडणही आठवलं. तू छातीठोकपणे म्हणाला होतास, नागपूरचा माणूस स्पेनमध्ये कशाला मरायला जाईल. तर ऐक. गोपाळ मुकुंद हुद्दार, संघाचे सुरुवातीच्या काळातले सरकार्यवाह, लंडनला पत्रकारिता शिकायला गेले आणि १९३७ मध्ये 'जॉन स्मिथ' नाव घेऊन सरकारच्या बाजूनं लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये शिरले. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्याच्या जुन्या मठात फ्रँकोची बंदी छावणी होती, तिथं ठेवले. सुटून नागपूरला परत आले. ते भांडण मी जिंकलो, एवढं तरी मान्य कर.

आता तुझ्या नातवाचं. मी टाळत होतो, कारण शिकवायला उभा राहिलो की मला सगळं येतं आणि त्या पोरासमोर काही येत नाही. एप्रिल १९३८ मध्ये सरकारकडची माणसं संपत आली, तेव्हा त्यांनी सतरा वर्षांच्या पोरांना बोलावणं धाडलं. लोक त्यांना 'दुधाच्या बाटलीवाले' म्हणायला लागले. त्यातले कित्येक एब्रोच्या लढाईत गेले. तिथला पांदोल्सचा डोंगर सगळा खडक, कुदळ चालत नाही, म्हणून दगड रचून आडोसा करायचा. तोफगोळा पडला की तो आडोसाच फुटून अंगात घुसायचा. मी त्या पोरांचे फोटो पाहिले. तुझा साडेसतरा वर्षांचा नातू अग्निवीरच्या भरतीसाठी पहाटे पटांगणावर पळतो, त्याची मान अशीच बारीक आहे.

त्यांना ओढून नेलं होतं, हा स्वतःहून चाललाय. हा फरक मोठा आहे, मी तो विसरलेलो नाही. म्हणून "जाऊ नको" हे मी त्याला सांगणार नाही. तू गेला होतास आणि मला तुझा अभिमान आहे, हेही आजवर बोललो नाही. पण तू त्याला फक्त मेडल दाखवलंस, कॅन्टीन सांगितलंस, रमच्या गमती सांगितल्यास. तो बूट निघाला नाही ती रात्र सांगितली नाहीस. ती माझ्या तोंडून त्याला कळणार नाही रे. मी पाठ केलेलं सांगेन. तुला सांगावं लागेल, आणि या वेळी मी शेजारी बसेन, कोणी हसलं तर बघतो.

वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? काटोलच्या बागेला यंदा भाव मिळाला का? धाकटीच्या सासरचं मिटलं असेल अशी आशा करतो, त्यावर भेटीत बोलू.

मी १२ मार्चला नागपुरात येतो. त्या रविवारी पोराला घेऊन घरी ये. हिला सांगून ठेवलंय, वडाभात करणार आहे. ओसरीवर ऊन येतं तिथं बसू, आणि मोजे काढून बस.

तुझा,
मधू