कोरियातले युद्ध थांबले, संपले नाही

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील कोरियन युद्धावरचा लेख आवडला. पण ‘१९५३ मध्ये युद्ध संपले’ हे वाक्य खटकले. २७ जुलै १९५३ला पानमुनजोममध्ये झाला तो फक्त शस्त्रसंधी. तहाला अजून मुहूर्त लागलेला नाही. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी तर त्या कागदावर सहीही केली नाही.

दुसरे म्हणजे लेखात ट्रूमन, स्टालिन, माओ सगळे भेटतात, भारत कुठेच नाही. अमेरिकी फौजा दोन कोरियांमधली ३८ अंशांची रेषा ओलांडून आल्या तर आम्ही युद्धात उतरू, हा इशारा चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी ऑक्टोबर १९५०च्या सुरुवातीला, तोही मध्यरात्री, आपले चीनमधले राजदूत पणिक्कर यांच्याकडे दिला होता. तो वॉशिंग्टनला पोचलाही. पण पणिक्कर पडले ‘चीनधार्जिणे’, त्यांचे ऐकतो कोण! त्याच महिन्यात चिनी सैन्य सरहद्दीवरची यालू नदी पार करून कोरियात आले.

जुलै १९५१मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी दोन वर्षे रखडल्या त्या मुख्यतः युद्धकैद्यांवरून. मायदेशी परतायचेच नाही म्हणणाऱ्यांचे करायचे काय? तोडगा निघेपर्यंत आघाडी फारशी हलली नाही, माणसे मात्र मरतच राहिली. शेवटी असे २२ हजारांहून अधिक कैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात आले. ऱ्ही भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देईनात, म्हणून जवानांना इंचॉनहून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही बाजूंमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्या छावणीचे नाव हिंद नगर. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि पहाऱ्यावरच्या सैन्याचे प्रमुख आमच्या कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत शिरले आणि त्यांना सोडवून आणले. मराठी वृत्तपत्रातल्या लेखात या माणसाला एक ओळही मिळू नये?

त्या कैद्यांपैकी ८८ जणांनी, बहुतेक कोरियन आणि काही चिनी, ना हा पक्ष निवडला ना तो. फेब्रुवारी १९५४मध्ये ते आपल्या सैन्याबरोबर भारतात आले. पुढे काही दक्षिण अमेरिकेत गेले, मोजके इथेच स्थिरावले. एखाद्या पुरवणीत त्यांच्यावर लिहावे, ही विनंती.

— एक वाचक, कोल्हापूर