चिपच्या बातमीत क्रिस्टलची दिशा कुठे गेली?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

साणंद आणि धोलेऱ्याच्या चिप-कारखान्यांच्या बातम्या तुमच्याकडे सारख्या येतायत, किती हजार कोटी, किती नोकऱ्या, नारळ फोडायला कोण आलं, सगळं वाचतो, आमच्या दांडिया बाजारातली पोरंपण तिकडे बायोडेटा पाठवतायत. पण परवा पुरवणीत चिप समजावून सांगताना छापलंत की सिलिकॉनला व्होल्टेज जेवढं वाढवाल तेवढा करंट वाढतो आणि कुठल्याही बाजूने दिलं तरी फरक पडत नाही. दहावीच्या पुस्तकापुरतं ठीक आहे हो, चिपच्या आत नाही.

१ व्होल्ट १०० नॅनोमीटरवर पडला की सेंटिमीटरमागे १ लाख व्होल्ट झाले (अंतरामागच्या या व्होल्टेजलाच फील्ड म्हणायचं). एवढ्या जोरात ओढलेला इलेक्ट्रॉन ‘हॉट’ होतो, म्हणजे क्रिस्टल हाताला गार लागेल पण इलेक्ट्रॉनचं तापमान त्याच्यापेक्षा कितीतरी वर गेलेलं असतं. शॉकली आणि रायडर या शास्त्रज्ञांनी हे १९५१ च्या सुमारासच दाखवलं, ओहमचा नियम तिथे कोलमडतो.

आता दिशेचं. बडोदेकरांसाठी सांगतो, मांडवीत उभे राहा, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट अशा चार बाजू, त्यात वर एक आणि खाली एक धरा, सहा झाल्या. सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनच्या अशाच सहा ‘दऱ्या’ असतात (जागेतल्या नाहीत, संवेगाच्या हिशोबातल्या, जिथे इलेक्ट्रॉनची ऊर्जा सर्वांत कमी). दरीच्या लांबीच्या दिशेने इलेक्ट्रॉन जड वागतो, वस्तुमान साध्या इलेक्ट्रॉनच्या ०.९ पटीच्या वर, आणि आडवं ओढलं तर जेमतेम ०.१९ पट. फील्ड कमी असेल तर सहाही दऱ्यांत इलेक्ट्रॉन सारखे वाटलेले असतात, बेरीज होऊन दिशेचा फरक पुसला जातो, तुमच्या लेखकाचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं. पण फील्ड वाढवा आणि ते लहेरीपुरा-पाणीगेट रेषेतच लावा, की त्या रेषेतल्या दोन दऱ्यांतले इलेक्ट्रॉन जड म्हणून कमी तापतात, बाकी चार दऱ्यांतले हलके म्हणून भडकतात, आणि भडकलेले क्रिस्टलच्या कंपनांशी धडकून त्या दोन थंड दऱ्यांत जाऊन बसतात, म्हणजे जडवाल्यांची गर्दी वाढते आणि सगळ्यांचा सरासरी वेग पडतो. आता या सहा बाजू म्हणजे एका घनाच्या सहा बाजू समजा आणि तेच फील्ड त्या घनाच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात लावा, सहाही दऱ्या सारख्याच कोनात येतात, सगळे सारखे तापतात, कोणी कुठे जात नाही, वेग जास्त मिळतो. तोच तुकडा, तेवढंच फील्ड!

सिलिकॉनसारखाच दुसरा अर्धवाहक जर्मेनियम, त्याचं नेमकं उलट, त्याच्या चार दऱ्या कोपऱ्यांच्या दिशेला, म्हणून तिथे कोपऱ्याच्या दिशेने वेग कमी. आणि फील्ड तिरकं लावलं तर करंट फील्डच्या रेषेत जातच नाही, बाजूला व्होल्टेज दिसतं, तेही लोहचुंबक न लावता. जपानमध्ये सासाकींनी १९५० च्या दशकात हे मोजलं, त्यांच्याच नावाने ओळखतात. मला तरी ट्रान्झिस्टरच्या शोधाइतकीच ही गोष्ट भारी वाटते, पण आमच्याकडे बी.एस्सी.ला हॉल इफेक्टवर (लोहचुंबक लावून बाजूला व्होल्टेज मिळतं तो) गाडी थांबते.

खोलीच्या तापमानाला सिलिकॉनमधला हा फरक लहान असतो, द्रव नायट्रोजनमध्ये गार केलं की ठसठशीत दिसतो, आणि फील्ड फारच वाढलं की दोन्ही दिशांचा वेग सेकंदाला १०० किलोमीटरच्या आसपास अडकतो, हेही लिहायला पाहिजे. पण म्हणून विषय पुस्तकी नाही. सिलिकॉन मुद्दाम ताणून याच दऱ्यांचा समतोल बिघडवायचा आणि हलक्या बाजूचा फायदा घ्यायचा, हे चिपवाले गेली वीसेक वर्षं करतायत.

चिप ज्यावर बनवतात त्या सिलिकॉनच्या चकतीच्या, म्हणजे वेफरच्या, कडेला बारीकशी खाच असते, ती क्रिस्टलची दिशा कळावी म्हणूनच. पुढच्या वेळी धोलेऱ्याचा फोटो छापाल तेव्हा मंत्र्यांच्या हातातली चकती जरा मोठी छापा, खाच दिसू दे, आणि खाली दोन ओळी तिच्याबद्दल टाका. सहा दऱ्यांचं चित्र काढून पाठवायला मी तयार आहे, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त फिजिक्सवाला, दांडिया बाजार, बडोदा